गावातील खाद्यउद्योगासाठी सरकारी अनुदान: अर्जाआधीची तयारी, बँकेचा टप्पा आणि नंतरची तीन वर्षे

मसाला, पापड, शेवया, लोणची, गूळ, काजूगर, बेदाणे किंवा घाण्याचे तेल तयार करणाऱ्या लहान उद्योगांना सरकार अनुदान देते, ही बातमी आता बहुतेक गावांत पोहोचली आहे. मात्र हे अनुदान कोणत्या मार्गाने येते, कधी येते आणि हातात पडण्यापूर्वी ते कोठे अडकून राहते, याची माहिती अर्जदाराला अनेकदा कर्जाच्या कागदांवर सह्या करतानाच मिळते. अनुदानाचे पैसे आधी मिळतील आणि त्यातून यंत्रे घेता येतील, असा समज करून घेऊन कोणी या वाटेला लागू नये. येथे आधी बँकेचे कर्ज मंजूर होते, मग यंत्रे येतात, उत्पादन सुरू होते, हप्ते सुरू होतात आणि अनुदान त्या कर्जाच्या पाठोपाठ येते. त्यामुळे खरी तयारी करायची ती अनुदानाच्या अर्जाची नसून बँकेला पटेल अशा उद्योगाची असते.

हे मार्गदर्शन मुख्यतः प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेविषयी आहे, जिला बोलीत सर्रास पीएमएफएमई म्हटले जाते. केंद्राच्या अन्न प्रक्रिया उद्योग मंत्रालयाने जून २०२० मध्ये ही योजना सुरू केली. तिच्यासाठी १० हजार कोटी रुपयांची तरतूद ठरवण्यात आली आणि महाराष्ट्रासारख्या राज्यात तिचा खर्च केंद्र ६० टक्के व राज्य ४० टक्के असा उचलते. महाराष्ट्रात तिची अंमलबजावणी कृषी विभागाकडे आहे. सुरुवातीला पाच वर्षांसाठी असलेली ही योजना पुढे २०२५-२६ अखेरपर्यंत वाढवण्यात आली. म्हणून कागदपत्रांवर खर्च करण्यापूर्वी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी किंवा तालुका कृषी अधिकारी यांच्या कार्यालयात जाऊन नवे अर्ज स्वीकारले जात आहेत का, हे विचारून घ्यावे. पुढे सांगितलेली तयारी कर्जाशी जोडलेल्या इतर अनुदान योजनांनाही जवळजवळ तशीच लागू पडते.

किती मिळते आणि कशावर मिळते

वैयक्तिक उद्योगाला पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, परंतु जास्तीत जास्त १० लाख रुपये इतके अनुदान मिळते. अर्जदाराने किमान १० टक्के रक्कम स्वतःची घालायची असते आणि उरलेली बँक कर्ज म्हणून देते. हिशेब केल्यास लक्षात येते की पात्र खर्च सुमारे २८ लाख ५७ हजारांवर गेला की अनुदानाची मर्यादा संपते आणि त्यापुढचा प्रत्येक रुपया पूर्णपणे स्वतःच्या व कर्जाच्या जोरावर उभा करावा लागतो.

येथे ‘पात्र’ या शब्दावर सारे अवलंबून असते. जागेची किंमत त्यात धरली जात नाही. यंत्रसामग्री धरली जाते. उत्पादनासाठी आवश्यक असलेले तांत्रिक बांधकामही धरले जाते, पण ते पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये. कच्चा माल, मजुरी आणि उधारीत अडकणारा पैसा, म्हणजेच खेळते भांडवल, या अनुदानाच्या हिशेबात येत नाही. गावाकडील अनेक प्रस्तावांत चित्र नेमके उलटे दिसते. पत्र्याची मोठी शेड, फरशी, कुंपण आणि फाटक यांचा खर्च मोठा असतो आणि त्या शेडमध्ये ठेवायचे यंत्र एकच असते. असा प्रस्ताव बँकेत टिकत नाही आणि टिकला तरी अनुदान अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघते. राहत्या घरालगतची खोली किंवा भाड्याचा गाळा दुरुस्त करून चालत असेल, तर पहिल्या टप्प्यात तोच मार्ग शहाणपणाचा आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावाजवळ मसाला उद्योग सुरू करायचा आहे. कांडप यंत्र, दळणाचे यंत्र, भाजणी यंत्र, पाकिटे सील करण्याचे यंत्र आणि वजनकाटा मिळून ४ लाख २० हजार रुपये लागतात. खोलीला धुता येईल अशी फरशी, जाळीच्या खिडक्या आणि वीजजोडणीची कामे यांना १ लाख रुपये लागतात. पात्र खर्च ५ लाख २० हजार होतो आणि बांधकाम ३० टक्क्यांच्या आत राहते. स्वतःचा हिस्सा ५२ हजार, कर्ज ४ लाख ६८ हजार आणि अनुदान १ लाख ८२ हजार अशी मांडणी होते. मसाल्याच्या हंगामात मिरची व धणे भरण्यासाठी लागणारे लाख-दीड लाख रुपये यात कोठेच नाहीत. त्यांसाठी खेळत्या भांडवलाची स्वतंत्र मर्यादा त्याच वेळी मागावी, कारण यंत्रे बसली पण माल भरायला पैसे नाहीत, ही अवस्था अनुदान न मिळण्यापेक्षाही वाईट असते.

कोण अर्ज करू शकते

अर्जदाराचे वय १८ वर्षांपेक्षा अधिक असावे, उद्योगाची मालकी त्याच्याकडे असावी आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि मुले. त्यामुळे पतीच्या नावावर काजू आणि पत्नीच्या नावावर कोकम अशा दोन प्रस्तावांचा विचार करण्यात अर्थ नाही. नवा उद्योग चालतो आणि आधीपासून चालू असलेल्या उद्योगाची वाढही चालते. योजनेत प्रत्येक जिल्ह्यासाठी एक उत्पादन ठरवलेले आहे, जसे कोल्हापूरला गूळ, जळगावला केळी, हिंगोलीला हळद, नागपूरला संत्रे. मात्र आता त्या यादीबाहेरचे खाद्यपदार्थही पात्र ठरतात. यादीतील उत्पादन निवडल्याचा खरा फायदा हा की कच्चा माल, जाणकार कारागीर आणि त्या धंद्याची नस ओळखणारा बँक अधिकारी हे तिन्ही जवळपास मिळतात. केवळ खरेदी-विक्री म्हणजे प्रक्रिया नव्हे. धान्य घेऊन पोत्यात भरून विकणे किंवा तयार पापड आणून त्यावर आपले नाव छापणे यांना हे अनुदान नाही.

बचत गटांसाठी वेगळी सोय आहे. अन्नप्रक्रियेत काम करणाऱ्या सदस्याला लहान अवजारे व खेळते भांडवल यांसाठी ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवल मिळते आणि ते ‘उमेद’ अभियानाच्या यंत्रणेमार्फत, म्हणजे गटांच्या संघामार्फत येते. हे पैसे सदस्याला कर्जरूपाने दिले जातात आणि ते तिने परत करायचे असतात, जेणेकरून दुसऱ्या सदस्येला ते वापरता यावेत. ‘सरकारचे पैसे, परत करायचे नाहीत’ असे गटाच्या बैठकीत कोणी सांगितले असेल, तर ते तेथेच दुरुस्त करावे. गट, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था यांना सामायिक सुविधेसाठी ३५ टक्के आणि ब्रँड व विपणनासाठी ५० टक्के अनुदानाची तरतूदही आहे. परंतु ते प्रस्ताव मोठे असतात आणि त्यांच्यासाठी हिशेबनीस, ठराव व लेखापरीक्षण यांची शिस्त आधीपासून असावी लागते.

अर्जाच्या आधीचे सहा महिने

बँक अधिकारी सर्वप्रथम अर्जदाराचा पतइतिहास पाहतो. ग्रामीण महाराष्ट्रात प्रस्ताव येथेच गळतात आणि त्याची कारणे ठरलेली असतात. कर्जमाफी होईल या आशेने थकवलेले पीककर्ज, पतसंस्थेत नातेवाइकाला राहिलेला जामीन, हप्त्यावर घेतलेल्या मोटारसायकलचे चुकलेले हप्ते किंवा मोबाइलवर मिनिटात मिळालेले आणि मग विसरलेले कर्ज. स्वतःचा पत अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. तो अर्जाच्या आधीच काढावा आणि थकबाकी असेल तर ती भरून नादेय दाखला घ्यावा. अहवालात नोंद सुधारायला काही आठवडे जातात, हेही ध्यानात ठेवावे. सहअर्जदार जोडायचा असल्यास त्याचाही अहवाल पाहावा, नाहीतर पत्नीचा स्वच्छ प्रस्ताव पतीच्या थकबाकीवर अडकतो.

दुसरी तयारी खात्यावरील उलाढालीची. घरी पापड-मसाला करून विकणाऱ्या अनेक भगिनींचा धंदा चांगला असतो, पण तो सारा रोखीचा असल्याने कागदावर शून्य दिसतो. बँकेला सहा महिन्यांचे खातेउतारे लागतात. त्यामुळे विक्रीचे पैसे, अगदी दोनशे-पाचशे रुपयेही, एकाच खात्यात भरावेत किंवा क्यूआर कोडवर घ्यावेत. साध्या वहीत रोजची खरेदी-विक्री लिहिलेली असेल, तर शाखा व्यवस्थापकाशी बोलताना ती छापील प्रकल्प अहवालापेक्षा अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

नोंदण्यांपैकी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन व मोफत होते. सेवा केंद्रात टंकलेखनाचे शुल्क द्यावे लागले तर ते वेगळे, पण नोंदणीचे शुल्क नाही. अन्न सुरक्षा नोंदणी किंवा परवाना अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस या संकेतस्थळावरून घ्यायचा असतो. लहान उलाढालीला नोंदणी आणि मोठ्या उलाढालीला परवाना, असा हा भेद आहे. तेथे मिळणारा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. मसाला करणाऱ्यांनी एक नियम विशेष लक्षात घ्यावा: दळलेले मसाले सुटे विकता येत नाहीत, ते बंद पाकिटातच विकावे लागतात. म्हणून पाकिटबंद करण्याचे यंत्र ही हौस समजून यादीतून काढू नये.

कागदपत्रांत आधार, पॅन, बँक खात्याचे उतारे, वीजबिल, जागेचा सातबारा किंवा आठ-अ उतारा अथवा भाडेकरार, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणि यंत्रांची दरपत्रके साधारणपणे लागतात. जागा वडिलांच्या किंवा भावांच्या सामाईक नावावर असेल, तर संमतिपत्र आधीच करून घ्यावे, कारण हिस्सेदाराची सही शेवटच्या आठवड्यात मिळेलच असे नाही.

दरपत्रक आणि प्रकल्प अहवाल

दरपत्रक जीएसटी नोंदणी असलेल्या पुरवठादाराचे, अर्जदाराच्या नावाचे आणि पूर्ण तपशिलाचे असावे. यंत्राची ताशी क्षमता, मोटारीची अश्वशक्ती, एक फेज की तीन फेज, वाहतूक, बसवणी आणि कर हे सारे त्यात वेगवेगळे दाखवलेले असावे. अश्वशक्ती कळल्याशिवाय महावितरणकडे किती भाराची जोडणी मागायची हे ठरत नाही. गावात तीन फेज वीज दिवसातून किती तास असते, याची चौकशी न करता घेतलेले यंत्र निम्मा दिवस बंद राहते आणि हप्ता मात्र पूर्ण दिवसाचा असतो. पुरवठादाराच्या जुन्या ग्राहकाकडे जाऊन तेच यंत्र चालताना पाहावे आणि सुटे भाग कोठून येतात ते विचारावे.

काही पुरवठादार आणि मध्यस्थ किंमत फुगवलेले दरपत्रक देऊ करतात. ४ लाखांचे यंत्र ६ लाखांचे दाखवायचे, म्हणजे स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही आणि वर हातात रोख येते, असे त्यांचे गणित असते. यात कर्जदाराची फसवणूक सर्वांत आधी होते. जास्तीच्या २ लाखांवरचे व्याज आणि हप्ते त्यालाच भरायचे असतात, पाहणीत किंमत उघडी पडली तर अनुदान जाते आणि बँकेची फसवणूक केल्याचा ठपकाही येतो.

प्रकल्प अहवाल तयार करून घेण्यास हरकत नाही, पण त्यातील आकडे अर्जदाराला तोंडपाठ असावेत. शाखेत प्रश्न विचारला जातो तो अर्जदाराला, अहवाल लिहिणाऱ्याला नव्हे. उताऱ्याचा, म्हणजे कच्च्या मालातून किती पक्का माल निघतो त्याचा, आकडा तर नेमकाच हवा. एक टन उसापासून साधारण १०० ते १२० किलो गूळ मिळतो आणि १०० किलो काजू बियांतून २० ते २५ किलो गर निघतो. अहवालात यापेक्षा फार वेगळा आकडा लिहिला असेल, तर गुऱ्हाळांच्या किंवा काजूच्या पट्ट्यातील बँक अधिकारी पुढचे पान उलटत नाही.

दुसरी गोष्ट हंगामाची, आणि माझ्या मते अहवालातील हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. तयार अहवालांत वर्षाचे बारा महिने सारखेच दाखवलेले असतात. प्रत्यक्षात लाल मिरचीची मोठी खरेदी उन्हाळ्याच्या तोंडाशी होते आणि घरोघरी वर्षाचा मसाला मार्च ते मे या काळात केला जातो. गुऱ्हाळ पावसाळ्यानंतर पेटते आणि उन्हाळ्यात थंडावते. काजू बी फेब्रुवारी ते मे या काळात येते आणि वर्षभर पुरेल इतकी तेव्हाच भरावी लागते. आंब्याचा गर काढणाऱ्याकडे तर जेमतेम दोन महिने असतात. म्हणून कोणत्या महिन्यात किती खरेदी, किती विक्री आणि किती उधारी, असा तक्ता स्वतः तयार करावा. हप्ते सुरू होण्यापूर्वीची सवलतीची मुदत त्या तक्त्याकडे पाहून मागावी. मसाला यंत्र जूनमध्ये बसले आणि हप्ता जुलैपासून सुरू झाला, तर पहिले आठ महिने हप्ता घरखर्चातून भरावा लागेल. हेच यंत्र जानेवारीत बसावे अशा बेताने अर्ज पुढे सरकवला, तर पहिल्याच हंगामात हात मोकळा होतो.

अर्ज, समिती आणि बँक

अर्ज योजनेच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरला जातो आणि त्यासाठी शुल्क नाही. प्रत्येक जिल्ह्यात ‘जिल्हा संसाधन व्यक्ती’ नेमलेल्या असतात. अर्ज भरणे, अहवाल तयार करणे, बँकेकडे पाठपुरावा करणे आणि नोंदण्या मिळवून देणे हे त्यांचे काम आहे. कर्ज मंजूर झालेल्या प्रत्येक प्रकरणामागे त्यांना योजनेतून २० हजार रुपये मिळतात: निम्मे मंजुरीनंतर आणि निम्मे आवश्यक नोंदण्या व प्रत्यक्ष काम पूर्ण झाल्यावर. त्यामुळे ‘प्रकरण करून देतो, अनुदानातले १० टक्के द्या’ असे म्हणणाऱ्याला काहीही देणे लागत नाही. कृषी कार्यालयातून आपल्या तालुक्यासाठी नेमलेल्या व्यक्तीचे नाव व क्रमांक घ्यावा आणि तिच्याशीच बोलावे.

छाननीनंतर प्रस्ताव जिल्हास्तरीय समितीपुढे जातो आणि तिच्या शिफारशीनंतर बँकेकडे. शिफारस झाली म्हणजे कर्ज झाले असे नाही, कारण अंतिम निर्णय बँकेचाच असतो. शक्यतो ज्या शाखेत आपले खाते जुने आहे तीच निवडावी आणि ऑनलाइन अर्ज भरण्यापूर्वी तेथील व्यवस्थापकाला एकदा भेटावे. सूक्ष्म व लघु उद्योगांना १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. अशी कर्जे पतहमी निधीखाली, म्हणजे तारणाऐवजी बँकेला कर्जाची हमी देणाऱ्या निधीखाली, घेण्याची सोय आहे. तारणाची मागणी झालीच, तर वाद न घालता या तरतुदीची आठवण करून द्यावी. नकार मिळाला तर तो कारणासह लेखी मागावा. लेखी कारण हातात असेल, तर जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाकडे किंवा जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते आणि कारण दुरुस्त होण्यासारखे असेल, तर पुन्हा अर्जही करता येतो.

कर्जमंजुरीचे पत्र हाती येईपर्यंत यंत्राची आगाऊ रक्कम देऊ नये. आधीच घेतलेली यंत्रे नव्या प्रकल्पखर्चात धरली जात नाहीत. कर्जाची रक्कम साधारणपणे बँकेतून थेट पुरवठादाराच्या खात्यावर जाते आणि स्वतःचा हिस्साही त्याच मार्गाने, पावतीसह द्यावा.

अनुदान आल्यावर

कर्जवाटप झाल्यावर बँक अनुदानाची मागणी नोंदवते आणि ते आल्यावर कर्जदाराच्या नावे एका वेगळ्या खात्यात ठेवले जाते. हे पैसे काढता येत नाहीत. मात्र तेवढ्या रकमेवर बँकेने कर्जाचे व्याज आकारायचे नसते. वरच्या उदाहरणात ११ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली, तर ४ लाख ६८ हजारांचा हप्ता सुमारे १० हजार २०० रुपये येतो, तर अनुदान वगळून उरणाऱ्या २ लाख ८६ हजारांचा सुमारे ६ हजार २००. अनुदान यायला काही महिने लागू शकतात, म्हणून पहिल्या वर्षाचे नियोजन मोठ्या हप्त्याच्या हिशेबानेच करावे. अनुदान जमा झाल्याचे कळताच खातेउतारा घेऊन त्या तारखेपासून व्याज कमी झाले आहे का, ते तपासावे आणि झाले नसेल तर शाखेला लेखी कळवावे.

कर्जाचा शेवटचा हप्ता बँकेने वितरित केल्यापासून तीन वर्षे मोजली जातात. एखाद्या किरकोळ यंत्रासाठी २० हजारांचे वितरण वर्षभर रेंगाळले, तर तीन वर्षांची मोजणीही तेवढीच लांबते, म्हणून सर्व वितरण लवकर पूर्ण करून घ्यावे. तीन वर्षांनंतर खाते नियमित असेल आणि उद्योग चालू असेल, तर अनुदान कर्जदाराच्या कर्जखात्यात वळते होते. मधल्या काळात खाते थकीत गेले, तर अनुदान बँकेच्या वसुलीत जाते. ९० दिवस थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक ठरते. त्यामुळे मंदीच्या महिन्यांत हप्ता चुकणार असे दिसताच, चुकण्यापूर्वी शाखेत जाऊन बोलावे. पैसे हाती आले म्हणून मुदतीपूर्वीच कर्ज फेडण्याची घाईही करू नये. आधी अनुदानावर त्याचा काय परिणाम होईल, ते बँकेकडून लेखी घ्यावे.

इतर योजना थोडक्यात. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात खुल्या प्रवर्गाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आदींना ३५ टक्के अनुदान आहे, पण ते फक्त नव्या उद्योगाला मिळते. मोठ्या प्रकल्पासाठी राज्याची मुख्यमंत्री कृषी व अन्नप्रक्रिया योजना आहे, ज्यात ३० टक्के व कमाल ५० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. एकाच यंत्रावर दोन योजनांचे भांडवली अनुदान घेता येत नाही. कृषी पायाभूत सुविधा निधीची ३ टक्के व्याजसवलत मात्र प्राथमिक प्रक्रियेच्या कामांना जोडून घेता येते, म्हणून कर्जाच्या अर्जाच्या वेळीच शाखेत तिची विचारणा करावी.

तीन वर्षांच्या काळात खरेदीची बिले, हप्त्यांचे उतारे, विम्याची पॉलिसी आणि अन्न सुरक्षा नोंदणीचे नूतनीकरण एका फायलीत ठेवावे, यंत्रावर योजनेचे नाव व वर्ष रंगवून ठेवावे आणि यंत्र विकू किंवा हलवू नये, कारण पाहणी केव्हाही होऊ शकते. मुदत पूर्ण होण्याच्या महिनाभर आधी या फायलीतील प्रतींसह शाखेला अर्ज द्यावा, त्यात शेवटच्या वितरणाची तारीख लिहावी, अर्जाची पोच घ्यावी आणि अनुदान कर्जखात्यात वळते झाल्याची नोंद असलेला उतारा हाती येईपर्यंत पाठपुरावा चालू ठेवावा.